कारखान्याचं सर्टिफिकेट आणि आपली विहीर

गाळप सुरू झालं की ओढ्याकाठच्या विहिरींच्या पाण्याला वास मारतो, ही तक्रार मी दर हंगामात ऐकतो. गेल्या वर्षी एका गावचे सरपंच चार शेतकऱ्यांना घेऊन कारखान्यावर गेले. साहेबांनी भिंतीवरची फ्रेम दाखवली, ‘आयएसओ १४००१ आहे आपल्याकडे!’ मंडळी चहा पिऊन परत आली.

ही फ्रेम म्हणजे काय? १९९६ साली निघालेलं हे मानक ऐच्छिक आहे. पाण्यात किती घाण चालेल, असा आकडा त्यात कुठंच नाही. आपल्या कामानं पाणी, हवा, माती कुठं बिघडते हे कारखान्यानं शोधावं, कायदा पाळायचं लेखी कबूल करावं, नोंदी ठेवाव्यात, एवढी पद्धत तपासतात. त्रयस्थ संस्था तीन वर्षांसाठी प्रमाणपत्र देते, मध्ये दरवर्षी तपासणी करते. थोडक्यात, ते कारभाराचं सर्टिफिकेट, पाण्याचं नव्हे.

तरी रिकाम्या हातानं परतायचं कारण नव्हतं. २०१५ च्या आवृत्तीनुसार कारखान्याचं पर्यावरण धोरण संबंधितांना उपलब्ध असावं लागतं. ओढ्याकाठचा शेतकरी संबंधित नाही तर कोण? ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर अर्ज द्या, पोच घ्या. फ्रेमवर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव असतं, तिलाही तक्रार धाडा.

आकडे दुसरीकडे आहेत. २००३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं १७ प्रकारच्या उद्योगांची सनद केली, त्यात साखरही होती. टन उसामागं सांडपाणी १०० लिटरवर आणायचं, आणि शेताला पाणी नको असेल तेव्हा प्रक्रिया केलेलं पाणी १५ दिवस साठवायची सोय करायची. खरी मेख इथंच आहे. रान ओलं असलं की ते पाणी कुणी घेत नाही. साठवण नसेल तर जातं ओढ्यात. साखरेचा अंश कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग मासे मरतात, वास सुटतो. सनद ऐच्छिक होती, पण २०१६ साली सांडपाण्याची मर्यादा पर्यावरण संरक्षण नियमांतच आली. ओढ्यात सोडायच्या पाण्याचा बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम, जमिनीवर १००. तेव्हा कारखान्यावर गेलात की आधी साठवण तलाव बघायला मागा.

आपण बाटलीत भरून नेलेलं पाणी कोर्टात टिकत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं १९७४ च्या जल कायद्याच्या रीतीनं घेतलेला नमुना लागतो. म्हणून वास आला त्याच दिवशी मंडळाच्या कार्यालयाला लेखी कळवा. चार दिवसांनी ओढा धुऊन गेलेला असतो. अहवाल येईपर्यंत ते पाणी जनावरांना पाजू नका.