होळीच्या टोपासाठी पिसे आताच वेचा

सातपुड्यात काठीची राजवाडी होळी ज्यांनी पाहिली, त्यांना बुध्याच्या डोक्यावरचा मोरपिसांचा टोप वेगळा सांगायला नको. हा टोप घरीच बनतो. पण शेतकरी बंधूंनो, फाल्गुनात पिसांसाठी धावाधाव करू नका. पावसाळा सरता सरता मोर पिसारा गाळतो. बांधावर, झाडाखाली पडलेली पिसे तेव्हाच वेचा, सावलीत सुकवा, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवा. नाहीतर कसर लागलीच म्हणून समजा.

डोक्याच्या मापाचे बांबूच्या कामटीचे कडे करा, त्याला उभ्या कामट्या बांधा. पिसांचे देठ त्यांना सुतळीने घट्ट आवळा. लांब पिसे मागे, आखूड पुढे. कड्याला आतून जुने धोतर गुंडाळा. रात्रभर नाचायचे, कपाळ सोलायला नको!

मोर मारून पिसे काढणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षे कैदेची. गळालेल्या पिसाचा देठ कोरडा असतो, उपटलेल्याला रक्ताचा अंश राहतो. बाजारात जुडी घेताना देठ बघा. देठ छाटलेले दिसले तर सरळ पुढे चला. पोलीस पाटलांनी हे भाद्रपदातच चावडीवर सांगितलेले बरे.