थंडी बॅटरी खात नाही, उन्हाळा खातो

डिसेंबर उजाडला, पहाटे पंचगंगेवर धुकं साचू लागलं की ई-सायकलवाल्यांची एक तक्रार सुरू होते : 'चार्जिंग टिकत नाही.' दिवाळीपर्यंत दोन दिवस पुरणारी बॅटरी आता दुसऱ्या दिवशी दुपारीच मान टाकते. मग नव्या बॅटरीची चौकशी होते. ती करण्याआधी बॅटरीच्या पोटात काय चाललंय ते पाहू.

आजच्या बहुतेक ई-सायकलींत लिथियम-आयन बॅटरी असते. तिच्यात लिथियमचे आयन एका द्रवातून या टोकाकडून त्या टोकाकडे जातात. थंडीत काकवी दाटते तसा हा द्रवही काहीसा दाटतो आणि आयनांची चाल मंदावते, म्हणजेच बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. चढावर मोटर जास्त करंट मागते तेव्हा मात्र व्होल्टेज एकदम खाली येतं. 36 व्होल्टच्या पॅकमध्ये 10 सेल एकामागोमाग जोडलेले असतात. ते ठरावीक मर्यादेखाली गेले की आतलं नियंत्रक सर्किट पुरवठा तोडतं. थोडं थांबलं की काटा पुन्हा वर येतो, कारण ऊर्जा संपलेली नसते; ती झपाट्याने बाहेर पडू शकत नाही, इतकंच.

शून्य अंशाला अशा बॅटरीची उपयोगी क्षमता पाचव्या हिश्श्याने घटू शकते. कोल्हापुरात मात्र जानेवारीच्या पहाटेही पारा बहुधा 12 ते 16 अंशांच्या आसपास असतो. तिथे चांगल्या बॅटरीचं नुकसान थोड्याच टक्क्यांचं. स्वस्त गाड्यांतल्या लेड-ॲसिड बॅटरीला थंडी जास्त बाधते : 27 अंशांखाली दर अंशामागे क्षमता साधारण 1 टक्क्याने उतरते.

मग एवढा फरक का जाणवतो? बॅटरीबाहेरच्या गोष्टीही भर घालतात. ऑक्टोबरच्या दुपारी, 32 अंशांना टायरमध्ये भरलेली 50 पीएसआय हवा 15 अंशांना 46 वर येते. तेवढ्याच फरकाने भोवतालची हवा 6 टक्के दाट होते. टायर बसतो, वारा जास्त अडवतो, आणि हे सारं मोटरला ओढावं लागतं. आठवड्याला हवा तपासणं हा त्यावरचा फुकटचा उपाय.

चढाचा हिशेब तर याहून मोठा. पन्हाळा भोवतालच्या सपाटीपासून सुमारे 400 मीटर उंच. माणूस आणि सायकल मिळून 100 किलो वजन तिथवर उचलायला जवळपास 110 वॉट-तास लागतात. मोटरमधली घट धरली तर 145. पॅक 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासांचा, म्हणजे 360 वॉट-तासांचा असेल, तर पेडल न मारता नुसत्या चढालाच 40 टक्के बॅटरी गेली! थंडीचा वाटा यापुढे किरकोळ. निम्मा जोर पायांनी लावला तर तो हिशेबही निम्म्यावर येतो.

खरी जोखमीची थंडी लेह-लडाखची. शून्याखाली बॅटरी चालवता येते, पण चार्ज करू नये. तेव्हा आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर लिथियम धातू होऊन साचतात, आणि ती हानी भरून येत नाही. तिथे बॅटरी आधी उबदार खोलीत आणून मगच चार्जर लावायचा. आपल्याकडे त्याची गरज नाही.

कोल्हापूरकरांनी जपायचं ते एप्रिल-मे महिन्यांत. तापमान 10 अंशांनी वाढलं की सेलमधल्या जीर्ण करणाऱ्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. पत्र्याच्या शेडमध्ये पूर्ण चार्ज करून ठेवलेली बॅटरी न चालवताही म्हातारी होते. घाट चढून आल्यावर तापलेल्या बॅटरीला लगेच चार्जर लावू नये. अर्धा-एक तास सावलीत निवू द्यावी. महिनाभर गावाला जायचं असेल तर ती निम्मी भरून घरातल्या गार जागी ठेवावी.

राहिला प्रश्न नव्या बॅटरीचा. तो हिवाळ्यात सोडवूच नये. टायरची हवा नीट ठेवून मार्चमध्ये, नेहमीच्याच रस्त्यावर, एका चार्जिंगमध्ये सायकल किती जाते ते मोजावं. पल्ला दिवाळीएवढाच भरला तर पैसे वाचले. नाही भरला, तर दोष या थंडीचा नाही; मागच्या उन्हाळ्यांचा आणि आपल्या सवयींचा आहे.