सदनिकेचे मालक की कंपनीचे भागधारक?

मुंबईत घर घेणाऱ्या बहुतेकांना सहकारी गृहनिर्माण संस्थेचे भाग प्रमाणपत्र परिचित असते. मात्र शहरातील काही इमारती सहकारी संस्थेच्या नव्हे, तर मर्यादित कंपनीच्या मालकीच्या आहेत. अशा इमारतीत घर घेणे म्हणजे त्या कंपनीचे ठरावीक समभाग विकत घेणे होय. या समभागांमुळे विशिष्ट सदनिकेत राहण्याचा हक्क मिळतो. जमीन आणि बांधकाम यांची मालकी कंपनीकडेच राहते. आयुष्यभराची पुंजी गुंतवणाऱ्या ग्राहकाने हा भेद व्यवहारापूर्वीच समजून घेणे आवश्यक आहे.

ही पद्धत कायद्याला मान्य आहे. १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याने सदनिकाधारकांची सहकारी संस्था किंवा कंपनी स्थापन करण्याची तरतूद केली. याउलट, १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालील इमारतीत प्रत्येक जण आपल्या सदनिकेचा स्वतंत्र मालक असतो.

कंपनी खासगी असल्यास तिच्या समभागांच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात. विक्रेत्याला संपूर्ण किंमत दिली, तरी समभाग खरेदीदाराच्या नावे होईपर्यंत त्याला भागधारकाचे स्थान मिळत नाही. कंपनीने हस्तांतरण नाकारल्यास २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार तिने ३० दिवसांच्या आत कारणांसह तसे कळवावे लागते. या निर्णयाविरुद्ध राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

भागधारकाचा हक्क नेमका कोणत्या स्वरूपाचा, हा प्रश्न मलबार हिल येथील एका सदनिकेच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. हिल प्रॉपर्टीज विरुद्ध युनियन बँक ऑफ इंडिया या खटल्यात न्यायालयाने २०१३ मध्ये निर्वाळा दिला, की सदनिकेवरील हक्क ही एक प्रकारची मालमत्ताच आहे. मग तो कंपनीच्या नियमावलीतून मिळालेला असो वा सहकारी संस्थेच्या उपविधींतून. त्यामुळे थकीत कर्जाच्या वसुलीसाठी अशा हक्कावर टाच आणता येते. सहकारी संस्थेतील सदनिकेबाबत न्यायालयाने १९७५ मध्येच अशी भूमिका घेतली होती.

या निकालामुळे भागधारकाच्या हक्काला बळ मिळाले असले, तरी एक जोखीम कायम आहे. इमारत कंपनीची असल्याने ती तारण ठेवून कंपनीने कर्ज काढले असेल आणि ते थकले, तर सर्वच रहिवाशांपुढे संकट उभे राहू शकते. शिवाय, १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार कंपनीच्या समभागांसंबंधीच्या दस्तांची नोंदणी सक्तीची नाही. कंपनीकडे स्थावर मालमत्ता असली तरीही हाच नियम लागू होतो. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घेतल्यावर पूर्वीचे सर्व व्यवहार समजतीलच, असे नाही.

यासाठी खरेदीदाराने प्रथम कंपनीची नियमावली, अर्थात आर्टिकल्स ऑफ असोसिएशन, वाचून कोणत्या समभागांना कोणती सदनिका जोडलेली आहे आणि हस्तांतरणाच्या अटी कोणत्या, हे पाहावे. विक्रेत्याचे नाव कंपनीच्या सभासद नोंदवहीत आहे का, याची खात्री करावी. कंपनीच्या मालमत्तेवर बोजा आहे का, हे कंपनी निबंधकांकडील नोंदींवरून तपासावे. ताळेबंदही मागून घ्यावा. गृहकर्ज घ्यायचे असल्यास या स्वरूपाच्या हक्कावर बँक कर्ज देईल का, हे विसार देण्यापूर्वीच विचारावे आणि संचालक मंडळाची लेखी संमती हाती आल्यानंतरच उर्वरित रक्कम अदा करावी.

सदनिका पसंत पडणे ही येथे केवळ पहिली पायरी ठरते. तिच्यासोबत खरेदीदार एका कंपनीचा भागीदारही होत असल्याने, घराइतकीच त्या कंपनीचीही पारख करणे त्याच्या हिताचे आहे.