विस्कटलेल्या अक्षरांतून लांब शब्द

काही अक्षरे दिलेली असतात आणि त्यांतून इंग्रजीतला शक्य तितका लांब शब्द शोधायचा असतो. या कोड्याचे प्रकार दोन. पहिल्यात हाताशी असलेली अक्षरेच वापरायची. बाहेरचे एकही चालत नाही आणि एकदा मिळालेले अक्षर एकदाच वापरता येते. दुसऱ्यात दिलेली सगळी अक्षरे शब्दात कुठेतरी आली की झाले, सोबत इतर कितीही असोत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधले ‘स्पेलिंग बी’ या दोहोंच्या मधले आहे. तिथे सातच अक्षरे मिळतात, त्यांतले मधले शब्दात आलेच पाहिजे. मात्र कोणतेही अक्षर हवे तितक्या वेळा वापरता येते.

पहिल्या प्रकाराला घराघरांत नेले ते दूरचित्रवाणीने. १९६५ मध्ये आर्मां जामो यांनी फ्रान्समध्ये एक कार्यक्रम सुरू केला, त्याचे नावच ‘सर्वांत लांब शब्द’ असे होते. त्याचाच इंग्रजी अवतार म्हणजे ब्रिटनमधला ‘काउंटडाउन’. २ नोव्हेंबर १९८२ रोजी ‘चॅनल फोर’ ही वाहिनी सुरू झाली, ती याच कार्यक्रमाने. स्पर्धक स्वर हवा की व्यंजन एवढेच सांगतो आणि नऊ अक्षरे समोर येतात. वेळ ३० सेकंद. प्रत्येक अक्षराला एक गुण, पण नऊच्या नऊ अक्षरे वापरली तर दुप्पट, म्हणजे १८. स्क्रॅबलमध्ये सात ठोकळे हातात असतात. ते एकाच डावात सगळे लावले की ५० गुण वर मिळतात. आधीच पटावर असलेल्या एका अक्षराला ते सात जोडायचे, तर बहुधा आठ अक्षरी शब्द लागतो.

नऊ वेगवेगळी अक्षरे एका ओळीत ३,६२,८८० प्रकारे मांडता येतात. एकेक मांडणी करून पाहणे अर्ध्या मिनिटात अशक्यच. म्हणून मुरलेले खेळाडू उलट्या बाजूने, शब्दाच्या शेपटीपासून सुरुवात करतात. इंग्रजीतले बरेचसे लांब शब्द मूळ शब्दाला प्रत्यय आणि उपसर्ग लागून झालेले असतात. त्यामुळे ‘आयएनजी’, ‘ईडी’, ‘ईआर’, ‘टीआयओएन’ हे प्रत्यय आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यांत काय दडले आहे ते पाहायचे.

समजा जी, ई, टी, एन, आर, एल, ए, आय ही आठ अक्षरे आली. ‘आयएनजी’ बाजूला ठेवले की ई, टी, आर, एल, ए उरतात. पाचच अक्षरे, आणि त्यांत ‘ऑल्टर’ व ‘अलर्ट’ लगेच नजरेत भरतात. प्रत्यय परत जोडला की ‘ऑल्टरिंग’ आणि ‘अलर्टिंग’ हे दोन आठ अक्षरी शब्द तयार. ‘आयएनजी’ लागताना मूळ शब्दाचा शेवटचा ‘ई’ गळतो, हा शाळेतला नियम लक्षात असेल तर ‘रिलेट’पासून झालेला ‘रिलेटिंग’ही सापडतो. पण याच आठ अक्षरांत ‘ट्रँगल’ आणि ‘इंटिग्रल’ हे शब्दही आहेत आणि ते सहसा निसटतात, कारण तिथे ‘आयएनजी’ एकत्र ठेवून चालत नाही. एक प्रत्यय लागू पडला की मन त्यालाच चिकटून बसते. तो मोडून पुन्हा सुरुवात करणे हे या खेळातले खरे कसब. ‘टीआरआय’ हा तीन दाखवणारा उपसर्ग सुचला की उरलेल्या पाच अक्षरांत ‘अँगल’ आयताच मिळतो. नववे अक्षर ‘एस’ असेल तर ‘ट्रँगल्स’ आणि ‘इंटिग्रल्स’ पूर्ण १८ गुण देऊन जातात.

मराठी वाचकाला इथे एक गोष्ट विशेष जाणवेल. ‘ट्रँगल’ आणि ‘ऑल्टरिंग’ यांची अक्षरे तीच असली तरी उच्चारांत काहीही साम्य नाही. मराठीत बोलू तसे लिहिण्याची सवय असते, म्हणून शब्द आधी कानाने शोधला जातो. इथे कानाला गप्प बसवून डोळ्यांवर भिस्त ठेवावी लागते.

स्क्रॅबलचे स्पर्धक पुढची पायरी गाठतात. सहा अक्षरांचा एखादा फलद्रूप गट ते पाठ करतात आणि त्यात सातवे अक्षर मिसळले की काय होते हेही. आर, ई, टी, ए, आय, एन हा असा एक गट. त्यात ‘सी’ आला की ‘सर्टन’, ‘पी’ आला की ‘पेंटर’, ‘डी’ आला की ‘ट्रेन्ड’ आणि ‘जी’ आला की ‘ग्रॅनाइट’ किंवा ‘टिअरिंग’. या पाठांतराला अर्थाचीही गरज नसते. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक विजेतेपद मिळवले, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. त्यांनी केवळ शब्दांची यादी डोक्यात साठवली होती.

संगणक अक्षरांचा क्रमच पुसून टाकतो. कोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरे तो वर्णानुक्रमे लावून ठेवतो. ‘एज्युकेशन’ची अक्षरे अशी लावली तर ए, सी, डी, ई, आय, एन, ओ, टी, यू अशी ओळ मिळते. ‘कॉशन्ड’ आणि ‘ऑक्शन्ड’ या शब्दांचीही ओळ हीच, म्हणून तिन्ही एकाच खणात जाऊन पडतात. नऊ अक्षरांतून काही निवडण्याचे प्रकार फक्त ५११ आहेत. तेवढे खण उघडले की प्रश्न सुटला.

दुसरी युक्ती मूळ संख्यांची, आणि ती अधिक देखणी. ‘ए’ला २, ‘बी’ला ३, ‘सी’ला ५ अशी प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या द्यायची आणि शब्दातल्या संख्यांचा गुणाकार करायचा. ‘कॅब’ म्हणजे ५, २ आणि ३ यांचा गुणाकार, ३०. गुणाकारात क्रमाला किंमत नसते. दिलेल्या अक्षरांच्या गुणाकाराला शब्दाच्या गुणाकाराने निःशेष भाग गेला, तर तो शब्द त्या अक्षरांतून होतो. दुसऱ्या प्रकारच्या कोड्यासाठी भागाकार फक्त उलटा करायचा: शब्दाच्या गुणाकाराला दिलेल्या अक्षरांच्या गुणाकाराने भाग गेला, की ती सगळी अक्षरे शब्दात आहेत. एखादे अक्षर दोनदा लागत असेल तर त्याचा हिशोबही यात आपोआप होतो.

मिळालेला शब्द ग्राह्य की नाही हे मात्र कोश ठरवतो. ब्रिटनमधल्या स्क्रॅबल स्पर्धांत ‘कॉलिन्स’ची अडीच लाखांहून अधिक शब्दांची यादी चालते, उत्तर अमेरिकेतल्या स्पर्धांसाठी वेगळी यादी आहे, तर ‘स्पेलिंग बी’चे संपादक फार अनोळखी शब्द गाळतात. त्यामुळे त्याच अक्षरांतला सर्वांत लांब शब्द एका ठिकाणी एक, तर दुसरीकडे वेगळाच निघू शकतो.