खिडकीपलीकडचा प्रश्न

परदेशस्थ मुलाशी विवाह ठरला, की पूर्वी घरात पहिली चिंता असे ती तेथील थंडीची आणि शाकाहाराची. आता ती फाइलची असते. अमेरिकेचा नागरिक वा कायम रहिवासी असलेला पती पत्नीसाठी ‘आय-१३०’ हा अर्ज दाखल करतो. विवाहनोंदणीचा दाखला तर लागतोच. शिवाय हा विवाह केवळ स्थलांतरासाठी केलेला नाही, हेही छायाचित्रे, विमानाची तिकिटे, परस्परांतील संदेश यांवरून दाखवावे लागते. निर्णय होईपर्यंत कित्येक महिने नवदांपत्य दोन देशांत विभागलेले राहते.

अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे विवाह जुळतो तो परिचयपत्रिकेवरून, मामांनी सुचवलेल्या स्थळावरून, दोन्ही पेढ्यांच्या नावलौकिकावरून. ही कथा कुटुंबाची असते. वधूवर तिच्यात जवळजवळ दुय्यम पात्रे. मुंबईतील अमेरिकी वकिलात आणि हिरे बाजार, दोन्ही वांद्रे-कुर्ला संकुलातच आहेत. एकीकडे लाखोंचा व्यवहार अजूनही शब्दावर होतो. दुसरीकडे खिडकीपलीकडचा अधिकारी नववधूला विचारतो, तुमची ओळख कशी झाली, पती नेमके काय काम करतात? पती बहुधा हजारो मैलांवर असतो. दोघांची कथा तिने एकटीने सांगायची.

येथे काही घरे घाबरून एजंटकडे धावतात. तो ठरावीक उत्तरे पाठ करून घेतो, साध्या ठरवून केलेल्या विवाहाला प्रेमकथेचा मुलामा देतो. हे अनाठायीच नव्हे, तर घातक आहे. मुंबईत बसणाऱ्या अधिकाऱ्यांना ठरवून केलेला विवाह ठाऊक असतो. त्यांना खटकते ती अर्जातील हकीकत आणि तोंडची हकीकत यांतील तफावत. खतावणी आणि रोजकीर्द जुळली नाही, तर कोणता हिशेबनीस स्वस्थ बसेल?

तथापि खरी जोखीम वकिलातीत नाही, रोजच्या फोनवर आहे. उन्हाळ्यात न्यू जर्सीचे घड्याळ आपल्यामागे साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. सोलापुरात तिचा चौविहार आटोपतो, तेव्हा त्याचा कामाचा दिवस नुकताच सुरू होत असतो. त्या मोजक्या मिनिटांत दोघेही आपली उजळ बाजूच दाखवतात. रात्री उशिरा जेवण होते, हे तो सांगत नाही. सासरच्या पेढीवर मन रमत नाही, हे ती सांगत नाही. शेजारी वडीलधारी बसलेली असली, तर विचारायलाच नको. मग पतीच्या कामाचे तास किती, या साध्या प्रश्नाला ती अडखळते.

आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. गोपाळराव मागे राहिले. एका पत्राला जायलाच कित्येक आठवडे लागत. तरी त्या पत्रव्यवहारात कठोर शब्द आहेत, रुसवे आहेत आणि आनंदीबाईंची स्पष्ट उत्तरेही आहेत. काशीबाई कानिटकरांना त्यांचे चरित्र लिहिताना हीच पत्रे उपयोगी पडली.

व्हिसा मिळाल्यावरही कथा पुन्हा सांगावी लागते. अमेरिकेत प्रवेश करताना विवाहाला दोन वर्षे झालेली नसतील, तर निवासाचे कार्ड दोन वर्षांपुरते सशर्त असते. त्याच्या शेवटच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ‘आय-७५१’ हा अर्ज भरायचा असतो. त्या वेळी छायाचित्रांपेक्षा वजन असते ते संयुक्त भाडेकराराला, दोघांच्या नावावरील बँक खात्याला आणि विम्याच्या कागदावरील वारसाच्या नावाला.