‘अलुम्नी’ आणि ‘ओल्ड बॉइज’ : दोन क्लबांच्या नावांचा विचार

लॅटिनमधील ‘अलुम्नुस’ हा शब्द ‘पोसणे’ या अर्थाच्या धातूपासून झालेला आहे. पोसलेले मूल हा त्याचा मूळ अर्थ. ‘अलुम्नी’ हे त्याचे अनेकवचन. शाळेस ‘आल्मा मातेर’, म्हणजे पोषण करणारी माता, म्हणतात तेही त्याच धातूवरून. मराठीतील ‘माजी विद्यार्थी’ या शब्दात असा नात्याचा ओलावा नाही. ‘माजी’ हे अरबीतून फारसीमार्गे आलेले विशेषण ‘होऊन गेलेला’ एवढेच सांगते. शाळा सुटल्यावरही एकत्र खेळणाऱ्या मंडळींनी कोणते नाव घ्यावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु आपल्यात कोणास घ्यावयाचे, याचा निर्णय पुष्कळदा त्या नावातच दडलेला असतो. अर्जेंटिनातील दोन क्लब या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

अलेक्झांडर वॉटसन हटन या स्कॉटिश शिक्षकाने 1884 मध्ये ब्वेनोस आइरेस येथे इंग्लिश हायस्कूल स्थापन केले. शिक्षणात मैदानी खेळांस स्थान हवे, असा त्यांचा आग्रह होता. शाळेचा क्लब 1898 मध्ये निघाला आणि 1900 मध्ये शाळेच्याच नावाने त्याने फुटबॉलचे अजिंक्यपद मिळविले. स्पर्धेतील संघांना शाळेचे नाव म्हणजे शाळेची जाहिरात, असा आक्षेप पुढे आल्यामुळे 1901 मध्ये त्याने ‘अलुम्नी’ हे नाव धारण केले. नाव बदलले, पण माणसे तीच राहिली. ब्राउन घराण्यातील तर अनेक भाऊ एकाच संघातून खेळत. 1911 पर्यंत या क्लबाने एकंदर दहा अजिंक्यपदे जिंकली. मात्र खेळाडू मुख्यतः एकाच शाळेच्या पटावरून यावयाचे, त्यामुळे जुने थकले तेव्हा नव्यांची भरती अपुरी पडली. 1912 मध्ये जॉर्ज ब्राउन आदी खेळाडू किल्मेस संघाकडून खेळले व तो संघ अजिंक्य ठरला. 1913 मध्ये ‘अलुम्नी’चे विधिवत विसर्जन झाले. यास अपयश म्हणणे घाईचे होईल. नावाचा शब्दशः अर्थ पाळावयाचा, तर दुसरा मार्ग फारसा उरलेला नव्हता.

रोसारियो शहरात मात्र निराळे घडले. आयझॅक न्यूवेल या इंग्रज गृहस्थांनी तेथे 1884 मध्येच शाळा काढली होती. तिच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी 3 नोव्हेंबर 1903 रोजी ‘न्यूवेल्स ओल्ड बॉइज’ हा क्लब स्थापिला. संस्थापकांत न्यूवेल यांचे चिरंजीव क्लाउदियो हेही होते. ‘न्यूवेल यांचे जुने विद्यार्थी’ इतका नेमका अर्थ असलेले हे नाव क्लबाने सोडले नाही. दारे मात्र शहरास उघडली. वर्गणीदार सभासद, त्यांची मुले, पुढे नातवंडे, असा समुदाय तेथे वाढत गेला. सभासदांनी मतदानाने अध्यक्ष निवडावयाचा ही अर्जेंटिनी क्लबांची रीत, त्यामुळे प्रेक्षक हाच मालकही असतो. लिओनेल मेस्सी यांचे बालपणीचे फुटबॉल 2000 पर्यंत याच क्लबात घडले. ते ‘ओल्ड बॉय’ ठरतात ते क्लबामुळे, न्यूवेल यांच्या वर्गामुळे नव्हे.

अर्थ असा सुटत गेला तसे व्याकरणही सुटले. स्पॅनिशमध्ये ही दोन्ही अनेकवचनी नावे एकवचनी क्रियापद घेतात. ‘न्यूवेल्स जिंकला’ असेच तेथे म्हणतात. ‘चा’ या अर्थाचा इंग्रजी षष्ठीचा प्रत्यय नावाच्या अंगात इतका मुरला की तो प्रत्यय आहे, हे भान राहिले नाही. सामान्य बोलण्यात तर ‘ञुल्स’ एवढेच उरते. ‘अलुम्नी’ची अडचण आणखी गमतीची आहे. स्पॅनिशमधील ‘अलुम्नो’ म्हणजे आज शिकत असलेला विद्यार्थी. माजी विद्यार्थ्यास वेगळा उपसर्ग जोडून ‘एक्सअलुम्नो’ म्हणावे लागते. म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या क्लबाचे नाव स्थानिक कानास चालू वर्गाची आठवण करून देणारे होते.

त्याच इंग्लिश हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांनी 1951 मध्ये रग्बीचा क्लब काढला, तेव्हा पुन्हा ‘अलुम्नी’ हेच नाव घेतले. खेळ निराळा होता, पण अंगावर जुन्या संघाचेच लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे होते. 2018 मध्ये या क्लबाने ब्वेनोस आइरेसचे रग्बी अजिंक्यपद जिंकले.