तारीख प्रोग्रामनं खाल्लेली नसते

अतिवृष्टी होऊन सोयाबीन पाण्याखाली गेलं, की अमरावती-अकोल्यात पंचनाम्यांची धावपळ सुरू होते आणि शेतातले फोटो धडाधड व्हॉट्सॲपवर येऊ लागतात. ते संगणकावरच्या प्रोग्राममध्ये उघडले, की ठरलेलं वाक्य कानावर येतं: “तुमचं सॉफ्टवेअर तारीखच दाखवून नाही राहिलं भाऊ!” मग प्रोग्राम लिहिणारं पोरगं रात्रभर कोड उपसत बसतं. अहो, फोटोतच तारीख उरली नाही, तर प्रोग्रामनं ती आणायची कुठून?

कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये ‘एक्झिफ’ नावाची नोंद ठेवतो. वेळ, कॅमेरा आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीनं फोटो पाठवताना तो दाबून लहान करतं आणि ही नोंद काढून टाकतं. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर नोंद शाबूत राहते. विश्वास बसत नसेल तर एकच फोटो दोन्ही प्रकारे पाठवा आणि ‘एक्झिफटूल’ या मोफत साधनात उघडून पाहा. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून न मागवता काही जण प्रोग्राममधल्या तारखेच्या रिकाम्या रकान्यात फाइलची तारीख भरतात. ती फाइल संगणकावर उतरल्याची तारीख! त्यापेक्षा रकाना रिकामा बरा.

कोडही कधी चुकतो, नाही असं नाही. पायथनच्या ‘पिलो’ या लायब्ररीत एक्झिफची वरवरची यादी वाचली, तर फोटो काढल्याची वेळ (टॅग 36867) सापडत नाही, ती आतल्या उपयादीत असते. अक्षांश-रेखांशात तर मोठी गंमत. अमरावती साधारण 20 अंश 56 मिनिटं उत्तर, 77 अंश 45 मिनिटं पूर्व. मिनिटांना 60 नं न भागता कोणी सरळ 20.56 आणि 77.45 लिहिलं, की अमरावतीचा फोटो सुमारे 50 किलोमीटर सरकून कारंजा लाडजवळ पडतो. वर शेतकऱ्यावरच संशय!

जीपीएसची वेळ साडेपाच तास मागे दिसते? ती जागतिक वेळ आहे, बिघाड नव्हे. फोटो आडवा दिसतो? फोटोची दिशा सांगणारा टॅग 274 प्रोग्रामनं वाचलेला नाही. एक्झिफ म्हणजे पक्का पुरावा? मुळीच नाही, ती कोणालाही बदलता येते.

तेव्हा फोटो मागवतानाच ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगा आणि नोंद नसेल तिथे प्रोग्राममध्ये स्पष्ट छापा: ‘माहिती उपलब्ध नाही’.